मोठ्यांचा लाइफ स्किल्स क्लास, लातूर: हाताचं काम भारी, पीपीटी बोर

शनिवार-रविवार असतो हा क्लास, मी अन् मेहुणा दोघंबी गेलतो. नीटच्या (मेडिकल प्रवेश परीक्षेच्या) क्लासच्या गावात हे काय नवीन म्हणून आधी हसूच आलं, पण बॅचमधी निम्मी पोरं अकरावीपासून मेसच्या डब्यावर वाढलेली, आता नोकऱ्या लागल्यात, लग्नं झालीत अन् नळ गळायला लागला की बापाला फोन करायलेत.

नळ, लाइट, गॅस हा भाग एक नंबर. वायसर स्वतः बदलायला लावला, गॅसच्या नळीवरचं साल वाचून दाखवलं (पाच वर्षं झाली की बदलायची), गळती बघायची तर साबणाचा फेस लावून, काडी पेटवून नाही. भाकरीवाल्या मावशी तर लईच कडक. मेहुण्याची भाकर थापतानाच कडेनं फाटायली तर त्यांनी पीठ चिमटीत धरून सांगितलं की याची विरी (चिकटपणा) गेलीय, जुनं दळण आहे, आता उकळतं पाणी घाल अन् चांगलं मळ. तशी केली तर तव्यावर टम्म फुगली!

पैशाचा तास घेणारे रिटायर बँकवाले काका मुद्द्याचं बोलले. पैसे यायचे असतील तर यूपीआयचा पिन टाकायचाच नसतो, फसलात तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला फोन. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा आहे पण पतसंस्थेला अन् मल्टिस्टेट सोसायटीला तो नाही, हे ऐकून दोघं-तिघं जण एकदम गप झाले. आपल्याकडं जास्त व्याज बघून कुठं कुठं पैसे टाकलेत लोकांनी, सांगायची गरज नाही.

बोर झालं ते शेवटच्या सरांचं. डब्ल्यूएचओची (जागतिक आरोग्य संघटनेची) दहा जीवनकौशल्यं पीपीटीवरून वाचून दाखवली, समानुभूती, निर्णयक्षमता वगैरे. यादी चुकीची नाही हो, पण एकानं विचारलं की चुलतभाऊ कर्जाला जामीन रहा म्हणतोय, नाही कसं म्हणायचं? तर सर म्हणले पॉझिटिव्ह राहा. अरे, त्यानं हप्ते थकवले तर बँक जामीनदाराकडूनबी वसूल करती, अन् नाही म्हणलं तर दिवाळीला घरात पाय ठेवायची पंचाईत. माणसाला खरं अडतं ते इथंच, अन् तिथंच हे लोक स्लाइड पुढं ढकलायलेत.

फी वसूल आहे, चार स्टार. मावशी कोणत्या बॅचला आहेत ते विचारूनच नाव नोंदवा, अन् शेवटचा तास आला की घरी निघा.