एअर पिस्तूल: कंपनीचं वरचं मॉडेल की कारागिराचा हात?

बालेवाडीच्या रेंजवर मुलांना घेऊन येणारे पालक हमखास विचारतात: महागडं मॉडेल घ्यावं, की साधं घेऊन कारागिराकडून हाताप्रमाणे करून घ्यावं?

वरच्या मॉडेलचे पैसे आतल्या यंत्रणेचे असतात. स्टायर एलपी १० मध्ये झटका शोषणारी यंत्रणा बसवूनच येते. मोरिनी १६२ ईआयचा ट्रिगर इलेक्ट्रॉनिक. असलं काम बाहेरून करून घ्यायच्या भानगडीत पडू नये. शिवाय पुढे विकताना बरी किंमत येते.

ग्रिपचं, म्हणजे पिस्तुलाच्या मुठीचं, मात्र उलटं आहे. कंपनी स्मॉल, मीडियम, लार्ज देते. तळहात काही त्या मापांत जन्माला येत नाही. अंगठ्याखाली पोकळी राहिली की ती मनगट ताणून भरून काढावी लागते, आणि ६० शॉट्सच्या मॅचमध्ये उत्तरार्धात ते गुणांवर दिसतं. इथे वुड पुटी (पोकळी भरायचा लगदा) आणि कानस घेऊन बसलेला जाणता माणूस कंपनीवर मात करतो. फक्त त्याला स्पर्धेचे नियम ठाऊक हवेत: ग्रिपने हाताला वेढा घालायचा नाही, पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे, वजन १५०० ग्रॅमपर्यंतच. हौसेने वाढवलेला तळहाताचा आधार तपासणीत अडकतो.

माझं मत? मधलं मॉडेल आणि कोरलेली ग्रिप. मुलाचा हात अजून वाढत असेल तर कोरीवकाम थांबवा, पुटीवर भागवा.

पॉइंट टू टूची, म्हणजे खरी काडतुसं लागणाऱ्या .२२ पिस्तुलाची, गोष्ट वेगळी. तिथे दुरुस्तीलासुद्धा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना असलेलाच कारागीर लागतो; ओळखीचा सुतार चालत नाही.