प्लॅजरिझम रिपोर्टच्या नावाखाली माझाच प्रबंध चोरीचा ठरला

पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याच्या तयारीत असलेल्या प्रत्येकाने हे वाचावे, म्हणून संकोच बाजूला ठेवून लिहीत आहे. ‘ओरिजिनल सॉफ्टवेअरचा रिपोर्ट, अर्ध्या तासात, फाइल रिपॉझिटरीत सेव्ह होणार नाही’ अशा, प्लॅजरिझम म्हणजे वाङ्मयचौर्य तपासून देण्याच्या जाहिराती संशोधक विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत रोज फिरत असतात. रिपॉझिटरी म्हणजे त्या सॉफ्टवेअरचा साठा; तिथे ठेवलेल्या फाइलींशी नंतर येणारा मजकूर ताडून पाहिला जातो. अशाच एका जाहिरातदाराकडून मी प्रबंध तपासून घेतला, त्याच्यापायी एकूण १०,२०० रुपये गेले आणि विद्यापीठाच्या तपासणीत माझ्या प्रबंधाचे ८७ टक्के साम्य निघाले. ज्या मजकुराशी ते जुळले, तो मजकूर माझाच होता.

मी प्रबंध कोणाकडून लिहून घेतला नव्हता, शब्द फिरवून देणारे सॉफ्टवेअर वापरले नव्हते आणि कोणाचे एक वाक्यही संदर्भाशिवाय उचलले नव्हते. उलट, नकळत काही राहून गेले असेल तर ते आधीच कळावे, एवढ्याचसाठी मला तपासणी हवी होती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, १० ते ४० टक्के असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रत द्यावी लागते, ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर सादरीकरणाची बंदी येते आणि ६० टक्क्यांच्या पुढे गेले की नोंदणीच रद्द होते. एवढी टांगती तलवार असताना सादर करण्यापूर्वी मजकूर तपासून घ्यावासा वाटणे हा गुन्हा आहे, असे मला आजही वाटत नाही.

ही सोय वास्तविक विद्यापीठानेच द्यायची असते. विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट या केंद्राच्या ‘शोधशुद्धी’ उपक्रमातून २०१९ पासून विद्यापीठांना असे सॉफ्टवेअर पुरवले जाते, आणि ही यंत्रणा विद्यार्थ्यांसह संशोधन करणाऱ्या सर्वांना उपलब्ध असावी, असे त्याच विनियमांत लिहिले आहे. आमच्या ग्रंथालयात मात्र ‘फायनल प्रत, गाईडची सही, मग बघू’ एवढेच उत्तर मिळाले. कच्च्या मसुद्याची तपासणी तिथे होतच नाही. विद्यार्थी बाहेरच्या माणसांकडे का जातात, असे परिसंवादांत विचारणाऱ्यांनी आधी आपल्या ग्रंथालयाच्या काउंटरवर एकदा जाऊन यावे.

त्या माणसाने पहिल्यांदा ८५० रुपये घेतले. आमचे विद्यापीठ कोणते सॉफ्टवेअर वापरते, हे त्याने आधी विचारून घेतले आणि त्याचाच रिपोर्ट पाठवला. साम्य १४ टक्के होते. पद्धतीविषयीच्या प्रकरणातील काही वाक्ये मी नव्याने लिहिली, दोन ठिकाणी राहिलेले संदर्भ दिले आणि पुन्हा ८५० रुपये भरून सुधारित प्रत पाठवली. या वेळी ८ टक्के आले. पहिली प्रत त्याने खरोखरच कुठे साठवली नव्हती, कारण साठवली असती तर दुसऱ्या रिपोर्टमध्ये ती जुळलीच असती. त्याच्यावर विश्वास बसला तो नेमका यामुळे, आणि हा विश्वास बसावा म्हणूनच पहिली प्रत सोडून दिलेली असणार.

दुसऱ्या रिपोर्टचे पहिले पान मला अजून जसेच्या तसे आठवते. सर्वांत वर प्रबंधाच्या शीर्षकाऐवजी ‘फायनल ३’ असे होते, लेखकाच्या रकान्यात माझ्या परिचयाचे नसलेले कोणाचे तरी नाव होते आणि त्याखाली जिच्याशी माझा काडीचाही संबंध नाही अशी एक शिक्षणसंस्था होती. पहिल्या रिपोर्टमध्ये हा रकाना कोरा होता. मी लगेच विचारले, तेव्हा उत्तर आले, ‘ताई, अकाउंट कॉलेजचे असते, नाव काहीही येते, तुम्ही टक्के बघा.’ आणि मी टक्के पाहिले. दुसऱ्याच्या नावाने, दुसऱ्या संस्थेच्या खात्यातून माझा अख्खा प्रबंध जमा होत होता, ही गोष्ट त्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलेली होती. पण महिनोन्महिने ज्या आकड्याच्या धास्तीने झोप उडालेली असते, तो आकडा आठ दिसल्यावर डोळे वरच्या ओळीवर ठरत नाहीत. फाइल साठवायची की नाही, हे ठरवणे खातेधारकाच्या हातात असते. आपल्याला ते दिसतही नाही आणि बदलताही येत नाही, म्हणून ‘सेव्ह होणार नाही’ या आश्वासनाची किंमत शून्य समजा.

विद्यापीठाचा ८७ टक्क्यांचा अहवाल आला त्या संध्याकाळी मी त्याला संदेश पाठवला. ‘रिपॉझिटरीतून डिलीट’ करण्यासाठी त्याने ६,५०० रुपये मागितले आणि मी ते दिले, कारण समोर नोंदणी रद्द होण्याची भीती होती आणि विचार करायला कोणी वेळ देत नव्हते. फाइल हटली नाही. मग ‘डिलीट झाल्याचे पत्र’ म्हणून आणखी २,००० रुपये घेतले. अशी फाइल खाते ज्या संस्थेचे आहे तिच्या प्रशासकामार्फतच काढली जाते, मधल्या कोणालाही ती परस्पर हटवता येत नाही, हे मला नंतर कळले. तिसऱ्यांदा पैसे मागितल्यावर मी नकार दिला, तेव्हा ‘तुमच्या गाईडला मेल करतो, प्रबंध आमच्याकडून लिहून घेतला म्हणून सांगतो’ अशी धमकी आली. त्याने मेल करण्याआधी मीच मार्गदर्शकांना सर्व सांगितले. तुमच्यावर ही वेळ आली तर हे त्याच दिवशी करा. धमकीतला दम तिथेच संपतो.

आता यंत्रणांविषयी. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवरही सगळे स्क्रीनशॉट चढवले. पैसे पुढे वळते होण्याआधी कळवले तरच ते गोठवता येतात, म्हणून फसल्याचे लक्षात येताच आधी हा क्रमांक फिरवा. बँकेने सांगितले की यूपीआयचा पिन तुम्हीच टाकला आहे, त्यामुळे रिझर्व्ह बँकेचे २०१७ चे अनधिकृत व्यवहारांविषयीचे संरक्षण येथे लागू होत नाही. नियमाने ते बरोबर असेलही, पण निदान समोरचे खाते तपासायला काय हरकत होती? पोलीस ठाण्यात तर रक्कम ऐकूनच चेहरे बदलले. ‘मॅडम, इथे लाखांच्या केसेस पडून आहेत,’ असे एकाने सांगितले, तर दुसऱ्याने ‘पण तुम्ही कॉपी तपासायला बाहेर का दिलीत?’ असे विचारले, जणू आरोपी मीच. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी कलम ३१८ आणि खंडणीसाठी कलम ३०८ आहे. धमकीचा संदेश मोबाइलवर समोर दाखवूनही खंडणीचा शब्द अर्जात घ्यायला ते तयार नव्हते. तोंडी बोलणी करून परत येऊ नका. लेखी अर्ज द्या आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नका.

सर्वांत जास्त चीड आली ती विद्यापीठाची. ८७ टक्क्यांचा स्रोत म्हणून अहवालात एकच विद्यार्थी-प्रत, म्हणजे दुसऱ्या संस्थेच्या विद्यार्थ्याच्या नावाने साठवलेली फाइल, दाखवली होती, तिची तारीख माझ्या दुसऱ्या रिपोर्टची होती आणि तिच्यात माझ्याच क्षेत्रभेटींची निरीक्षणे होती. तरीही संबंधित विभागाने ‘आम्ही फक्त टक्केवारी बघतो’ असे सांगितले. सॉफ्टवेअर साम्य दाखवते, चोरी ठरवत नाही; ते ठरवण्यासाठीच विभागीय शैक्षणिक सचोटी समिती असते आणि तिने ४५ दिवसांत अहवाल द्यावा, असे विनियमांत आहे. आमच्या विभागात अशी समिती कागदावर होती, पण तिचे सदस्य कोण, हे कार्यालयात कोणालाच सांगता येईना. ज्या संस्थेच्या खात्यातून माझी फाइल जमा झाली, त्या संस्थेच्या ग्रंथालयाला आणि प्राचार्यांना मी मेल पाठवले. आपल्या आवारातून एखादे लॉगिन बाहेर विकले जात आहे, ही माहिती त्यांना हादरवेल असे मला वाटले होते. एका ओळीचेही उत्तर आलेले नाही.

माझी बाजू टिकून आहे ती मार्गदर्शकांना वेळोवेळी मेलने पाठवलेल्या मसुद्यांमुळे. प्रत्येक प्रकरणाची तारीख त्या विद्यार्थी-प्रतीच्या कितीतरी आधीची आहे. तुम्हीही मसुदे पेनड्राइव्हवर देऊ नका, मेलनेच पाठवा, आणि क्षेत्रभेटींच्या वह्या टाकून देऊ नका. मार्गदर्शकांच्या पत्रासह हे सर्व पुरावे समितीकडे दिले आहेत, सुनावणीची तारीख अद्याप मिळालेली नाही आणि तोपर्यंत प्रबंध अडकलेला आहे. तो माणूस मात्र नवा क्रमांक घेऊन, ‘सेव्ह होणार नाही’ हे तेच वाक्य लिहून, दर ९५० रुपये करून पुन्हा त्याच गटांमध्ये आला आहे. जाहिरातीचा स्क्रीनशॉट मी गटाच्या ॲडमिनना पाठवला, तेव्हा ‘वैयक्तिक वाद गटात आणू नयेत’ असे उत्तर मिळाले.