बाबांची जुनी दुर्बीण दुरुस्तीला दिली होती, त्याचा अनुभव

बाबा गेल्यापासून त्यांची ८×४० ची (आठ पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४० मिलिमीटर रुंद) दुर्बीण चामडी केसमध्ये कपाटात तशीच होती. काढून बघितली तर आत बुरशीचं जाळं, आणि डोळ्याला लावली की एका झाडाची दोन झाडं दिसायची. आतली प्रिझम (प्रकाश वळवणारी काच) जागेवरून जराशी जरी सरकली तरी दोन्ही नळ्या एका दिशेला बघत नाहीत, डोळे थोडंफार सांभाळून घेतात पण मग कपाळ ठणकायला लागतं. म्हणून जुन्या दुर्बिणी दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या वर्कशॉपला पाठवली.

आता बाबांबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. ते कारखान्यात शिफ्टला होते, ओव्हरटाइम कधी सोडला नाही कारण तिघांची शिक्षणं चालू होती. पण नाइट संपवून आले की झोपायच्या आधी आम्हाला उठवायचे आणि माळावर पक्षी बघायला न्यायचे, डोळे लाल झालेले असायचे पण कंटाळा म्हणून नाही. "आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी हेर, मग नजर न हलवता दुर्बीण वर आण" हे त्यांनीच शिकवलं. आणि ४० ला ८ ने भाग, ५ आलं ना, तेवढ्या मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत डोळ्यात येतो म्हणून पहाटेपण नीट दिसतं, १०×२५ मध्ये अडीचच येतो, हेही त्यांचंच. आमच्या प्रत्येकाच्या डोळ्यांच्या अंतराप्रमाणे बिजागरी वाकवून द्यायचे. स्वतःच्या नंबरसाठी मात्र उजव्या आयपीसच्या (डोळ्याकडच्या भिंगाच्या) रिंगवर आईच्या लाल नेलपॉलिशचा एक ठिपका दिलेला होता.

तो ठिपका पुसू नका एवढंच मी वर्कशॉपला सांगितलं होतं. आणि खरंच, परत आली तेव्हा ठिपका जसाच्या तसा! अंगठ्याने घासून गुळगुळीत झालेल्या जागेलाही त्यांनी रंग फासला नाही. बाकी सगळी खोलून साफ केली, फोकसच्या चाकातलं घट्ट झालेलं जुनं ग्रीस काढून नवीन भरलं, प्रिझम जुळवली. आता एकच झाड दिसतं आणि पानं वेगवेगळी दिसतात. बुरशीच्या आम्लाने काचेवरचं कोटिंग खाल्लं असेल तर तो डाग जात नाही, हे त्यांनी काम सुरू करायच्या आधीच फोटो पाठवून सांगितलं होतं. एका प्रिझमवर तसा पुसट डाग राहिलाय, समोर ऊन असेल तर चित्र जरा फिकं वाटतं, एरवी कळतही नाही.

दोन गोष्टी आवडल्या नाहीत. सांगितलेल्या तारखेपेक्षा बराच उशीर केला आणि स्वतःहून एक फोन नाही. आणि पार्सलचं पॅकिंग फारच पातळ, इतकं बारीक जुळवलेलं काम एका धक्क्यात बिघडू शकतं, हे त्यांना मी सांगायला हवं का? डोळ्याला टेकणारे नवीन रबरी आयकप कडक आहेत, चष्मेवाल्यांना ते दुमडायला त्रास होईल.

कुणाकडे घरातल्या माणसाची अशी दुर्बीण असेल तर चामडी केसमध्ये ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि अंधारात बुरशीला रान मोकळं. हवाबंद डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. घरी स्क्रू काढायला जाऊ नका, प्रिझम हलली की घरच्या घरी जुळत नाही. आणि बुरशीचा पहिला ठिपका दिसला की लगेच पाठवा, तोवर कोटिंग बहुतेक वाचलेलं असतं.