माशांच्या दोन फुटी टँकला नदीची वाळू: अकरा महिने वापरून आलेला अनुभव (सोलापूरच्या पाण्यात)

वाळू टाकून अकरा महिने झाले, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर सगळं छानच लिहिलं असतं, कारण कुठलाही सबस्ट्रेट (टँकच्या तळाचा थर) पहिला महिना छानच दिसतो.

आधी टँकसोबत आलेले निळे रंगीत खडे होते, हरभऱ्यापेक्षा मोठे. दिसायला चकाचक, पण खड्यांच्या फटीतून खाणं खाली जायचं आणि तिथंच सडायचं, माशांचं तोंड काय तिथं पोचत नाही. वरून पाणी स्वच्छ आणि खाली सगळी घाण. रंगाचे पापुद्रेपण सुटायला लागले होते. मग एका रविवारी सगळे खडे बाहेर काढून नळाखाली चोळून चोळून धुतले, फिल्टरचा स्पंजसुद्धा, आणि चार दिवसांत तीन मॉली गेल्या. लई वाईट वाटलं. नंतर कळलं की माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया त्या खड्यांवर आणि स्पंजवरच राहतात, ते मीच क्लोरीनच्या पाण्यानं घालवले. म्हणून आधीच सांगतो, काहीही धुवायचं तर टँकचंच काढलेलं पाणी बादलीत घेऊन धुवा, आणि खडे न् फिल्टर एकाच दिवशी कधीच नको.

बदलायचं ठरल्यावर सगळे म्हणत होते अ‍ॅक्वासॉईल घे, म्हणजे पाण्यातल्या झाडांसाठी मिळणारी खास माती. झाडांना ते चांगलंच आहे, त्यात वाद नाही. पण ते पाण्यातले क्षार ओढून पाणी मऊ करतं आणि पीएच खाली आणतं, आणि आपल्याकडं पाणी कसलंय ते पाणी तापवायच्या तपेल्याला बसणारा पांढरा थर बघितला की कळतं. बोअरचं तर विचारूच नका. एवढ्या हार्ड, म्हणजे क्षारांच्या पाण्यात दर आठवड्याला पाणी बदललं की सॉईलची ती ताकद लवकर संपते, मग उरते फक्त महागाची माती. शिवाय सुरुवातीचे काही आठवडे त्यातून अमोनिया सुटतो, म्हणजे मासे असलेल्या चालू टँकमध्ये टाकायचं कामच नाही. आरओचं पाणी वापरणाऱ्यांची गोष्ट वेगळी. माझ्याकडं मॉली, गप्पी, ह्यांना हार्ड पाणीच मानवतं, मग पाण्याशी भांडायचं कशाला?

वाळू शेजारच्या काकांच्या बांधकामावरून मागून आणली. इथं एक लक्षात ठेवा, हल्ली बांधकामावर जास्त करून क्रश सँड असते, दगड फोडून केलेली. तिचे कण टोकदार असतात, तळ उकरून खाणाऱ्या कोरी माशांच्या मिशा त्यानं झिजतात. नदीची वाळू गोलसर असते, चिमटीत घेऊन चोळली की फरक कळतो. मग व्हिनेगर टेस्ट. वाटीत कोरडी वाळू घेऊन वर व्हिनेगर ओतायचं, फेस आला की चुना आहे. माझ्या वाळूत मधले मधले पांढरे चुनखडीचे खडे आणि शिंपल्याचे तुकडे फसफसले, बाकी वाळू गप्प. गव्हाच्या चाळणीनं मोठे खडे काढले, रव्याच्या चाळणीनं बारीक धूळ काढली, मधली वाळू ठेवली. धुवायला बोअरचं पाणी वापरलं, कारण नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतंय, ते ह्यात घालवायला जीव होत नाही. अठरा-वीस वेळा धुतल्यावर पाणी निवळ झालं. किती लागेल त्याचा हिशोब सोपा आहे, लांबी गुणिले रुंदी गुणिले जाडी सेंटीमीटरमध्ये, भागिले 1000, म्हणजे लिटर. 60 बाय 30 ला 5 सेंमी थर म्हणजे 9 लिटर, वजनात साधारण 14 किलो.

बदलताना फिल्टरला हात लावला नाही आणि जुने थोडे खडे नायलॉनच्या मोज्यात भरून महिनाभर टँकमध्येच लटकवून ठेवले, बॅक्टेरियासाठी. ह्या वेळी एकही मासा गेला नाही.

दुसऱ्या आठवड्यात वाळूवर आणि काचेवर तपकिरी थर आला, घाबरू नका, नवीन टँकला येतोच, महिन्याभरात आपोआप गेला. वाळूचा खरा त्रास म्हणजे फिल्टर. कण आत जाऊन मोटर घरघर करायला लागली, मग फिल्टर चार बोटं वर घेतला आणि तोंडाला स्पंज लावला.

पाचव्या महिन्यात मागच्या कोपऱ्यात काचेतून काळे डाग दिसले, काडी घातली तर बुडबुडे आले आणि सडक्या अंड्याचा वास. तिथं मी थर 4 इंच केला होता, उतार छान दिसावा म्हणून. जाड थरात हवा पोचत नाही, तिथं असला गॅस तयार होतो. सगळं एकदम उकरू नका. मी एअरपंप जोरात चालू ठेवून रोज बोटभर जागा काडीनं हलवली, थर अडीच इंचावर आणला. झाडांबरोबर लांब शंखाच्या गोगलगायी आल्या होत्या, लोक त्या काढून टाकतात, मी ठेवल्या. त्या दिवसभर वाळूत फिरून ती हलती ठेवतात, तेव्हापासून वास नाही.

सायफन (तळातली घाण ओढायची नळी) खड्यांत खुपसतो तसा वाळूत खुपसायचा नाही, वाळूच्या इंचभर वर गोल फिरवायचा, घाण हलकी असते ती वर येते. मी नळाला पाणी यायच्या दिवशी पाव टँक बदलतो, आणि काढलेलं पाणी कुंड्यांना, जास्वंद नुसती फुललीय.

वाळूत झाडांना खायला काही नसतं, म्हणून क्रिप्ट आणि व्हॅलिसनेरियाच्या मुळाशी दर दोन-तीन महिन्यांनी रूट टॅब (खताची गोळी) दाबतो. अनुबियासचं खोड मात्र वाळूत पुरू नका, कुजतं, माझं एक तसंच गेलं. ते लाकडाला दोऱ्यानं बांधायचं.

आता एप्रिलमध्ये 42 च्या वर गेलं की बघायचं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो आणि तळातली घाण लवकर सडते, म्हणून खाणं निम्मं करणार आणि सायफन आठवड्यातून दोनदा. धुतलेली घमेलंभर वाळू गच्चीवर उरलीय, जुळे सोलापूरकडं कुणाला पाहिजे असेल तर सांगा, व्हिनेगर टेस्ट तुमची तुम्ही परत करून घ्या.