रिट्रोफिटिंग की रीडेव्हलपमेंट? भूकंपाचा विचार करून

दादरला मावशीच्या सोसायटीत हाच वाद चाललाय, आहे तीच बिल्डिंग मजबूत करायची, म्हणजे रिट्रोफिटिंग, की पाडून नवी बांधायची, म्हणजे रीडेव्हलपमेंट. जुनी चार मजली बिल्डिंग, खाली स्टिल्ट पार्किंग, आणि तिला काहीच ठरवता येत नाहीये. बिल्डरचं ब्रोशर बाजूला ठेवून बोलूया.

मजबुती सगळ्यात आधी. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाचं केंद्र भुजजवळ, पण दोनशेहून जास्त किलोमीटर लांब अहमदाबादलाही बिल्डिंगा कोसळल्या आणि त्यातल्या बऱ्याच अशाच होत्या, खाली नुसते कॉलम, भिंती नाहीत, म्हणजे सगळा हादरा तिथेच बसतो. रिट्रोफिटिंगमध्ये याच कॉलमभोवती नवीन सळ्या लावून काँक्रीट ओततात, जॅकेटिंग म्हणतात त्याला, शिवाय काही कॉलमच्या मधे काँक्रीटची भिंत उभी करतात. याने खरंच फरक पडतो. नवीन टॉवरलाही खाली पार्किंगच असतं हं, त्यामुळे नवं म्हणजे आपोआप सेफ असं समजू नका, स्ट्रक्चरल डिझाइन मागाच.

खर्च? रिट्रोफिटिंग स्वतःच्या खिशातून, रीडेव्हलपमेंट बिल्डरच्या, पण काम रखडलं आणि बिल्डरकडून मिळणारं तात्पुरत्या घराचं भाडं थांबलं की म्हाताऱ्या माणसांचे फार हाल होतात.

शेजाराचंही बघा. १९९३ ला किल्लारीनंतर गावं नव्या जागी वसवली, घरं पक्की मिळाली पण जुन्या गल्ल्या आणि शेजार विखुरला.

सांगाडा धड असेल, फक्त स्टिल्ट कमजोर असेल तर रिट्रोफिटिंग. सळ्या गंजून स्लॅबचे पोपडे पडत असतील, स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इंजिनिअरने केलेली बिल्डिंगची तपासणीही तेच म्हणत असेल तर रीडेव्हलपमेंटच करा.