‘आयपीवरून नाव काढून देतो’ म्हणणाऱ्यांपासून सावध

माझ्या नावाने बनावट प्रोफाइल काढून कोणीतरी घाणेरडं लिहीत होतं. कोण ते कळेना, झोप उडाली. नेमक्या अशाच माणसांच्या शोधात काही मंडळी असतात. मला भेटला तो स्वतःला ‘सायबर डिटेक्टिव्ह’ म्हणवत होता. ‘आयपी ॲड्रेसवरून नाव, पत्ता, फोटो सगळं काढतो,’ असं ठासून सांगून त्याने अर्धे पैसे आगाऊ घेतले. (आयपी ॲड्रेस म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या उपकरणाला मिळणारा आकड्यांचा पत्ता.)

रिपोर्ट दिसायला झकास. शिक्का, नकाशा, नकाशावर लाल खूण, एका घराचा पत्ता. आणि खाली आयपी, सुरुवात १९२.१६८ ने! हे पत्ते खासगी नेटवर्कसाठी राखीव असतात. घरातला राउटर मोबाइल-लॅपटॉपला असेच पत्ते वाटतो, त्यामुळे तोच आकडा जगभर असंख्य घरांत एकाच वेळी चालू असतो. त्यावरून घर सापडणार कसं? हे विचारलं तर उत्तर आलं, ‘तो इंटर्नल आहे, खरा कोर्टाच्या सर्टिफिकेटबरोबर मिळेल.’ त्याचे पैसे वेगळे, अर्थातच.

खरा आयपी असता तरी त्यावरून कळतं ते इंटरनेट कनेक्शन, माणूस नाही. मोबाइल नेटवर्कवर एकच आयपी एका वेळी अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. व्हीपीएन, म्हणजे आपला आयपी लपवणारी सेवा, वापरली असेल तर त्या कंपनीचाच आयपी दिसतो. त्या क्षणी एखादा आयपी कोणाकडे होता, हे इंटरनेट कंपनीच्या नोंदींत असतं. ते शोधायला अचूक वेळ, टाइमझोन आणि बऱ्याचदा पोर्ट नंबरही (एकाच आयपीवरची कनेक्शनं वेगळी ओळखणारा आकडा) लागतो. अशा नोंदी कायदेशीर मार्गाने पोलिसांना किंवा कोर्टाला मिळतात, डिटेक्टिव्हला नाही. ग्राहक सापडला तरी त्याच्या वायफायवरून टाइप कोणी केलं, हा प्रश्न उरतोच.

नकाशावरच्या खुणेचं तर विचारूच नका. ‘अमेरिकेतला आहे’ एवढंच कळलेल्या आयपींसाठी, आयपीचं ठिकाण सांगणाऱ्या एका कंपनीने देशाच्या मध्याजवळचा एक बिंदू धरला होता. तो पडला कॅन्ससमधल्या एका शेतघरावर. ६० कोटींहून जास्त आयपी त्या घराच्या माथी! वर्षानुवर्षं तिथे पोलिस आणि चिडलेले लोक येत राहिले. कारण उघड झालं २०१६ साली. माझ्या रिपोर्टातल्या घरातही कोणीतरी राहत असणारच.

तक्रार आता पोलिसांकडे आहे: लिंक, स्क्रीनशॉट, वेळ. उशीर करू नका, कंपन्या नोंदी कायम ठेवत नाहीत.

पैसे परत मागितल्यावर डिटेक्टिव्हने मला ब्लॉक केलं. मग दुसऱ्या नंबरवरून फोन: ‘तुमचे बुडालेले पैसे मिळवून देतो, फक्त प्रोसेसिंग फी भरा.’ त्याला रक्कमसुद्धा बरोबर माहीत होती.