घर बांधताय आणि भोपळ्याचा ब्रेड भाजायचाय? कुकर, ओटीजी की बिल्ट-इन, हे गिलाव्याच्या आधी ठरवा

आमचं घर कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला चाललंय, स्लॅब पडला, वीटकाम झालं, दसरा झाला की गिलावा सुरू होणार. तोपर्यंत आम्ही सहाजण मंगळवार पेठेत दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहतोय. आणि नेमकं याच दिवसांत मला लाल भोपळ्याच्या ब्रेडचं वेड लागलंय, कारण मंडईत भोपळा भरपूर आलाय, सकाळी हवा जरा गार आणि दुपारी ऑक्टोबर हीट, आणि साइटवरून धूळ खाऊन घरी आलं की दालचिनी-जायफळाचा तो वास आला की बरं वाटतं, खरंच सांगते.

पण हे लिहायचं कारण वेगळं आहे. माझ्यासारखं ज्यांचं घर अर्धवट उभं आहे त्यांना ओव्हनचा निर्णय घर झाल्यावर घेता येत नाही, तो वायरमन भिंतीला कटर मारायच्या आधी घ्यावा लागतो. नंतर घेतला तर नवी भिंत फोडा नाहीतर एक्स्टेंशन बोर्डावर दिवस काढा. म्हणून मी केलेली तुलना मांडते.

आधी ब्रेडबद्दल थोडं. नाव ब्रेड असलं तरी यीस्ट नाही, सोड्यावर फुगणारा केकच आहे हा. अमेरिकेत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, म्हणजे 31 ऑक्टोबरचं हॅलोविन आणि नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारचं थँक्सगिव्हिंग, या दिवसांत घरोघरी करतात. तिकडच्या रेसिपीत डब्यातला घट्ट गर धरलेला असतो आणि आपला भोपळा उकडला की पाणी सोडतो, तिथंच निम्म्या लोकांचा ब्रेड मधे कच्चा राहतो. मी फोडी पाणी न घालता वाफवते, कुस्करते आणि मलमलच्या फडक्यात अर्धा तास टांगून ठेवते. मग एक कप गर, दीड कप पीठ (निम्मं गव्हाचं, निम्मा मैदा), एक कप बारीक चिरलेला गूळ, अर्धा कप तेल, दोन अंडी, एक चमचा सोडा, चिमूटभर मीठ, दालचिनी, जायफळ, सुंठ. नवरात्रात आमच्याकडं अंडं चालत नाही, तेव्हा अर्धा कप दही घालते, ब्रेड जरा दाट होतो पण चांगला होतो.

हे सगळं सांगितलं कारण ओव्हनची परीक्षा हाच ब्रेड घेतो. पीठ ओलं आणि जड, त्यात गूळ. गूळ साखरेपेक्षा लवकर काळा पडतो, म्हणजे बाहेरून करपायला लागलेला असतो तरी आतून ओलाच. साधा स्पंज केक कुठंही होईल हो, हा होत नाही.

आता तुलना. राजारामपुरीत माझ्या नणंदेकडं 30 लिटरचा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिलर, वर-खाली रॉड असलेला, कट्ट्यावर ठेवायचा विजेचा ओव्हन) आहे, तिच्याकडं जाऊन आम्ही दोघींनी एकाच दिवशी, एकाच वेळी भिजवलेलं पीठ दोन सारख्या 7 इंची गोल टिनमध्ये घातलं, एक कुकरात आणि एक ओटीजीत. कुकरची रिंग आणि शिट्टी काढली, तळाला दीड कप मीठ, त्यावर जाळी, दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवून मग टिन ठेवून गॅस बारीक. ओटीजी 170 वर, दोन्ही रॉड चालू.

ओटीजीतला 48 मिनिटांत झाला, वरून छान तडकलेला, तांबूस तपकिरी, कड जराशी कुरकुरीत. कुकरमधल्याला एक तास पाच मिनिटं लागली. वरचा भाग पिवळट, बोट लावलं तर चिकटतोय, कारण वरून आचच नसते, झाकणाची वाफ तेवढी पडत राहते. तळाला मात्र काळपट जाड थर, तो सुरीनं काढावा लागला. पण मधला भाग? अगदी मऊ, ओलसर, ओटीजीपेक्षा मला तोच आवडला. सासूबाईंनी दोन्ही खाल्ले आणि कुकरमधला घारग्यासारखा लागतोय म्हणाल्या, त्यांच्याकडून ही मोठीच पावती.

म्हणजे भाड्याच्या घरात असाल तर कुकर पुरेसा आहे, वीज गेली तरी काम थांबत नाही, जुना जाड बुडाचा कुकर किंवा कढई वापरा, रोजचा नको, कारण पाण्याशिवाय तापवून कुकर खराब होतो आणि कंपन्याही तसं करू नका म्हणतात. फक्त एक, 9 बाय 5 इंचाचा लांबट टिन 5 लिटरच्या कुकरात बसत नाही, ब्रेड गोलच होणार. भाजलेलं मीठ भरून ठेवा, पुढच्या वेळी तेच चालतं, स्वयंपाकात मात्र वापरू नका.

इथं एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. नणंदेचा तोच ओटीजी मी सप्टेंबरमध्ये पेठेतल्या खोलीवर आणला होता. तिथं सगळे सॉकेट 6 अँपिअरचे. ओटीजीची पिन जाडी, म्हणून कन्व्हर्टर लावून घुसवली. वीस मिनिटांत प्लास्टिक जळल्याचा वास, बघते तर कन्व्हर्टर मऊ झालेला आणि सॉकेटचं एक भोक काळं पडलेलं. मुलगी तिथंच शेजारी अभ्यासाला बसली होती, माझे हात कापत होते. हिशोब साधा आहे, 6 अँपिअर गुणिले 230 व्होल्ट म्हणजे 1380 वॅट, आणि 30 लिटरचा ओटीजी रॉड चालू असताना साधारण 1500-1600 वॅट घेतो, आणि चालतो तासभर. भाड्याच्या जुन्या घरात हे करू नका. तिथं कुकरच.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हचं थोडक्यात सांगते. गरम करणं, भाजी उकडणं आणि बेकिंग असं सगळं एकात हवं असेल आणि महिन्यातून एखादाच ब्रेड करणार असाल तर घ्या. त्यात पंख्यानं गरम हवा फिरते, वरचा भाग लवकर रंगतो म्हणून मी 160 वर ठेवते आणि शेवटची पंधरा मिनिटं वर फॉइल. धातूचा टिन आणि फॉइल फक्त कन्व्हेक्शन मोडवरच.

कपाटातच बसवायच्या बिल्ट-इन ओव्हनचा मोह मलाही झाला होता. फर्निचरवाल्यानं मोबाईलवर फोटो दाखवले, उंच कपाटात डोळ्यासमोर काळी काच, दिसतं सुंदर यात वाद नाही. पण नीट विचार केला तर त्याला वेगळी लाईन लागते, कारण मोठे मॉडेल 3000 वॅटच्या आसपास जातात. कपाटाचं माप त्याच मॉडेलला बांधलेलं, दहा वर्षांनी बिघडला तर त्याच मापाचा शोधत बसा. आणि 60-70 लिटरची पोकळी एका ब्रेडसाठी तापवायची. आठवड्याला चार-पाच ब्रेड, पिझ्झा, नानखटाई असं काही ऑर्डरचं काम करणार असाल तर जरूर घ्या. घरच्या सहा माणसांसाठी मला ते पटलं नाही, त्या पैशात गच्चीचं वॉटरप्रूफिंग नीट होतंय.

तर माझा निर्णय ओटीजी, 30 लिटरच्या आसपासचा. 9-10 लिटरचा छोटा अजिबात नको, त्यात ब्रेड फुगला की वरच्या रॉडच्या इतका जवळ जातो की वरून कोळसा. विजेचं म्हणाल तर थर्मोस्टॅट रॉड चालू-बंद करत राहतो, त्यामुळं एका ब्रेडला साधारण एक ते सव्वा युनिट.

पण दसऱ्याच्या मुहूर्तावर, ऑफर आहे म्हणून, आत्ताच घेऊन ठेवू नका. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून धावते आणि तुमचा खोका साइटवरच्या खोलीत सिमेंटच्या धुळीत पडून राहतो. आत्ता घ्यायचा तो फक्त पॉइंट.

तो असा. कट्ट्यावर ओटीजीसाठी 16 अँपिअरचा वेगळा पॉइंट, 2.5 स्क्वेअर एमएमची वायर थेट डीबीपासून (सगळ्या घराच्या लाईनी जिथून निघतात तो बोर्ड), स्वतःचा एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच). फ्रिज किंवा मिक्सरच्या लाईनीवर जोडायचा नाही. सॉकेट ओटीजीच्या बरोबर मागं नको, बाजूला, म्हणजे पिन काढताना गरम पत्र्यावरून हात जात नाही. आमचा कट्टा 24 इंच खोल आहे, मागं-बाजूला चार-चार इंच हवेला सोडूनही ओटीजी बसतो, वर मात्र लाकडी कपाट घेणार नाही, तिथं उघडी फळीही नको. आणि ही जागा खिडकीजवळ धरा, ऑक्टोबरच्या दुपारी 170 डिग्रीचा डबा बंद कोपऱ्यात तासभर चालला की कळतं.

काल मी टेप घेऊन साइटवर गेले, विटांच्या भिंतीवर लाल खडूनं चौकोन काढला, वायरमनला दाखवला. तो म्हणाला, "वहिनी, आणखी एक इथं देऊ का, नंतर लागतोयच." दिला. परवा खंडेनवमी, गवंडी थापी-ओळंब्याची पूजा साइटवरच करणार आहेत, त्यांच्यासाठी आज संध्याकाळी दोन ब्रेड कुकरात लावायचेत, दह्याचे, आणि गर आत्ता फडक्यात टांगलाय.